बिली टोझॅन : कायदा करणारा हात आणि औषधाची किंमत

२२ नोव्हेंबर २००३, शनिवार. पहाटेचे तीन वाजले होते. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात एका विधेयकावर मतदान सुरू झालं. तिथल्या रिवाजाप्रमाणे मतदानाला पंधरा मिनिटं दिली जातात. पंधरा मिनिटं सरली, अर्धा तास गेला, तास उलटला. फलकावर विरोधी मतं जास्त दिसत होती, तरीही मतदान संपल्याचं कुणी जाहीर करत नव्हतं. सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाचे नेते बाकांमधून फिरून स्वपक्षाच्या नाराज सदस्यांची मनधरणी करत होते. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांचे फोन येत होते. जवळपास तीन तासांनी, उजाडायच्या बेताला निकाल लागला. बाजूने २२०, विरोधात २१५. विधेयक मंजूर झालं.

मिशिगनचे सदस्य निक स्मिथ यांनी नंतर तक्रार केली की, मत बदलावं म्हणून निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या त्यांच्या मुलाला मदतीची लालूच दाखवली गेली. पुढच्या वर्षी सभागृहाच्या नीतिसमितीने बहुमताचे नेते टॉम डिले यांना याबद्दल समज दिली. पण मत काही परत फिरलं नाही. ८ डिसेंबरला बुश यांनी सही केली आणि कायदा अस्तित्वात आला.

हा कायदा होता म्हाताऱ्या माणसांच्या औषधांचा. या विधेयकाला समितीतून वाट काढून देणाऱ्यांपैकी एक प्रमुख नाव होतं बिली टोझॅन. आज त्यांच्या कारकिर्दीची तवारीख मांडायची आहे. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नाही. पण एक माणूस लोकप्रतिनिधी म्हणून कायदा करतो, त्यानंतर वर्षभरातच त्याच कायद्याने फायदा झालेल्या धंद्याचा वकील होतो आणि पुढे सल्लागार म्हणून स्थिरावतो, ही गोष्ट फक्त अमेरिकेची नाही. घरात रक्तदाब किंवा साखरेची गोळी येत असेल, तर ही गोष्ट तुमचीही आहे.

लुईझियानाचा केजन पोरगा

विल्बर्ट जोसेफ टोझॅन यांचा जन्म १४ जून १९४३चा. गाव चॅकबे, राज्य लुईझियाना. मिसिसिपी नदीच्या मुखाकडचा हा दलदलीचा, कोळ्यांचा आणि उसाच्या शेतांचा मुलूख. इथले केजन लोक म्हणजे अठराव्या शतकात इंग्रजांनी कॅनडातून हाकलून दिलेल्या फ्रेंच भाषकांचे वंशज. त्यांची बोली वेगळी, जेवण वेगळं, विनोदाची तऱ्हा वेगळी. टोझॅन याच समाजातले. गोष्टी सांगून समोरच्याला हसवत हसवत आपलंसं करण्याची हातोटी त्यांनी इथेच कमावली आणि ती जन्मभर वापरली.

त्यांनी १९६७ साली लुईझियाना स्टेट विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. १९७२ ते १९८० ते राज्याच्या विधिमंडळात होते. १९८०च्या पोटनिवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या तिकिटावर ते वॉशिंग्टनला गेले आणि पुढची जवळजवळ पंचवीस वर्षं तिथेच राहिले. १९८७ साली राज्यपालपदाची निवडणूक लढवून पाहिली, पण ती हरले.

या माणसाची खरी ताकद कळते ती १९९२च्या केबल टीव्ही कायद्यात. त्या काळी अमेरिकेत केबल कंपन्यांची मक्तेदारी होती. लोकप्रिय वाहिन्या त्यांच्याच मालकीच्या, त्यामुळे उपग्रहाद्वारे सेवा देऊ पाहणाऱ्या नव्या कंपन्यांना त्या वाहिन्या मिळत नसत. टोझॅन यांनी दुरुस्ती मांडली की, या वाहिन्या प्रतिस्पर्ध्यांनाही रास्त अटींवर द्याव्याच लागतील. राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी कायद्यावर नकाराधिकार वापरला, तो संसदेने फेटाळून लावला. त्यांच्या अख्ख्या कार्यकाळात फेटाळला गेलेला हा एकमेव नकाराधिकार. छतावरच्या छोट्या तबकडीतून टीव्ही पाहण्याचा अमेरिकेतला व्यवसाय उभा राहिला, त्यात या दुरुस्तीचा मोठा वाटा होता.

हे मुद्दाम सांगतोय. टोझॅन यांना कायद्यातल्या एका कलमाची ताकद काय असते, हे पुरतं ठाऊक होतं. एक वाक्य घातलं तर बाजार उघडतो आणि एक वाक्य घातलं तर बाजार बंद होतो. १९९२ साली त्यांनी ग्राहकाच्या बाजूने बाजार उघडला होता.

१९९४च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधिगृह चाळीस वर्षांनी जिंकलं. १९९५च्या सुरुवातीला टोझॅन यांनी डेमोक्रॅटिक पक्षातल्या उजव्या विचारांच्या सदस्यांचा ‘ब्लू डॉग’ गट उभारण्यात पुढाकार घेतला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पक्षच बदलला. आपल्याकडे पक्षांतराला आता कुणी दचकत नाही. तिथेही नव्या पक्षाने त्यांची ज्येष्ठता राखली. २००१ साली ते ऊर्जा आणि वाणिज्य समितीचे अध्यक्ष झाले.

ही समिती म्हणजे प्रतिनिधिगृहातल्या सर्वांत वजनदार समित्यांपैकी एक. तेल, वीज, टेलिफोन, टीव्ही, औषधं, आरोग्य, ग्राहकसंरक्षण, सगळं तिच्या अखत्यारीत. याआधी उपसमितीचे प्रमुख असताना त्यांनी फायरस्टोन कंपनीच्या फुटणाऱ्या टायरांची सुनावणी घेतली होती. त्यातून २००० साली वाहनसुरक्षेचा नवा कायदा आला. २००२ साली एन्रॉनचा घोटाळा उघडा पडला तेव्हा त्यांच्याच समितीने कंपनीच्या अधिकाऱ्यांना समोर बसवलं. एन्रॉन हे नाव महाराष्ट्राला नव्याने सांगायची गरज नाही, दाभोळची आठवण अजून ताजी आहे. मुद्दा हा की, कंपन्यांना जाब विचारणारा नेता अशीही टोझॅन यांची एक ओळख होती.

एका कलमाची पाचर

आता त्या पहाटेच्या कायद्याकडे येऊ. अमेरिकेत ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी १९६५ पासून ‘मेडिकेअर’ नावाची सरकारी विमा योजना आहे. दवाखान्यात भरती व्हा, डॉक्टरला दाखवा, खर्चाचा मोठा भाग सरकार उचलतं. पण घरी बसून रोज घ्यायच्या गोळ्यांचा खर्च या योजनेत नव्हता. १९६५ साली ही उणीव फारशी जाणवली नसेल. पुढे रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांवरची औषधं माणसं वर्षानुवर्षं घेऊ लागली आणि म्हातारपणी गोळ्यांचा खर्च झेपेनासा झाला. सीमेजवळचे वृद्ध बसमध्ये बसून कॅनडात जात आणि तीच औषधं स्वस्तात घेऊन येत. तिथलं सरकार किमतींवर लगाम ठेवत होतं म्हणून ती स्वस्त होती.

२००३च्या कायद्याने मेडिकेअरमध्ये औषधांची सोय केली. हे मोठं काम होतं आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. तेव्हा मेडिकेअरमध्ये सुमारे चार कोटी माणसं होती. त्यातल्या कितीतरी जणांना आयुष्यात पहिल्यांदा गोळ्यांसाठी विमा मिळाला.

पण त्याच कायद्यात एक कलम होतं. त्याचा मथितार्थ असा, की औषध कंपन्या आणि विमा योजना यांच्यातल्या किमतीच्या वाटाघाटीत सरकारचा आरोग्यमंत्री हस्तक्षेप करणार नाही. म्हणजे देशातला औषधांचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक पैसे देणार, पण घासाघीस करायची नाही. बाजारात भाजी घ्यायला गेलेल्या कुठल्याही बाईला हा व्यवहार समजावून सांगा, ती हसेल. त्याच अमेरिकेत माजी सैनिकांच्या खात्याला कंपन्यांकडून सवलतीचा भाव मिळत होता. त्यामुळे सरकारला भाव करता येत नाही, असंही नव्हतं.

इथे एक गोष्ट इन्साफाने सांगितली पाहिजे. अशा अर्थाची वाक्यं याआधीच्या काही मसुद्यांतही होती, अगदी डेमोक्रॅटिक पक्षाच्या मसुद्यातही. सरकारने किंमत ठरवली तर नव्या औषधांचं संशोधन आटेल, असा युक्तिवाद त्यामागे होता. त्यामुळे हे कलम एकट्या टोझॅन यांच्या डोक्यातून निघालं, असं म्हणता येणार नाही. पण ज्या कायद्यात ही पाचर कायमची बसली, तो त्यांच्या समितीच्या अखत्यारीतून आणि त्यांच्या पाठिंब्याने पुढे गेला, हे मात्र नोंदीतलं आहे.

खर्चाच्या आकड्याचा किस्साही बोलका आहे. संसदेला सांगितलं गेलं की, दहा वर्षांत सुमारे ३९५ अब्ज डॉलर लागतील. मेडिकेअरचे मुख्य गणिततज्ज्ञ रिचर्ड फॉस्टर यांचा अंदाज ५०० अब्जांच्या वर जात होता. तो संसदेला देऊ नका, असं त्यांना त्यांचे वरिष्ठ टॉमस स्कली यांनी बजावलं. कायदा झाल्यावर त्याच महिन्यात स्कली यांनी सरकारी पद सोडलं आणि आरोग्यक्षेत्रातल्या अशिलांची कामं घेणाऱ्या एका वकिली फर्ममध्ये दाखल झाले.

आजार आणि नोकरी

कायद्यावरची शाई वाळत होती तेव्हाच, २००४च्या जानेवारीत, अमेरिकन वृत्तपत्रांत बातम्या येऊ लागल्या की टोझॅन यांना दोन मोठ्या नोकऱ्या खुणावत आहेत. एक हॉलिवूडच्या चित्रपट कंपन्यांच्या संघटनेची आणि दुसरी औषध कंपन्यांच्या संघटनेची, म्हणजे ‘फार्मा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेची. फेब्रुवारीत त्यांनी समितीचं अध्यक्षपद सोडलं आणि पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचं सांगितलं.

त्याच सुमारास त्यांना कर्करोग असल्याचं निदान झालं. आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला हा रोग. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अवघड शस्त्रक्रिया झाली, नंतर केमोथेरपी. उपचारात अवास्टिन हे तेव्हा नुकतंच मान्यता मिळालेलं औषध वापरण्यात आलं. ते वाचले. त्यानंतर ते सतत सांगत राहिले की, ज्या उद्योगाने माझा जीव वाचवला त्याच्यासाठी काम करावं असं मला वाटलं. कायदा होत असताना आपण नोकरीची बोलणी केली नाहीत, असंही त्यांच्या बाजूने सांगण्यात आलं.

मृत्यूच्या दारातून परतलेल्या माणसाच्या कृतज्ञतेवर शंका घेणं मला बरोबर वाटत नाही. ती खरी असेल. पण त्यांच्यावर उपचार झाले तेव्हा ते संसद सदस्य होते, त्यांचा विमा भक्कम होता. ज्या औषधाने त्यांना वाचवलं ते परवडत नाही म्हणून जे वाचले नाहीत, त्यांच्या वतीने कृतज्ञता कोण व्यक्त करणार? प्रश्न नियतीचा किंवा नीयतीचा नाहीच. प्रश्न अमानतीचा आहे. लोकांनी सोपवलेली जागा सोडताना तिथे जमवलेली ओळख, तिथलं ज्ञान आणि तिथला दबदबा कुणाच्या मालकीचा?

डिसेंबर २००४ मध्ये घोषणा झाली आणि जानेवारी २००५ मध्ये टोझॅन फार्मा संघटनेचे अध्यक्ष झाले. वार्षिक मेहनताना सुमारे २० लाख डॉलर असल्याचं वृत्तपत्रांनी छापलं. संसद सदस्याचा पगार तेव्हा १,५८,१०० डॉलर होता, म्हणजे नवी रक्कम बारापटीहून जास्त. त्यांच्याच समितीतले एका उपसमितीचे अध्यक्ष जिम ग्रीनवूड हेही त्याच महिन्यात जैवतंत्रज्ञान उद्योगाच्या संघटनेचे प्रमुख झाले. टोझॅन यांच्या जागी त्यांच्या मुलाने निवडणूक लढवली, तो सहाशेहूनही कमी मतांनी हरला.

यात बेकायदा काय घडलं? काहीही नाही. अमेरिकेत प्रतिनिधिगृहाच्या माजी सदस्याने एक वर्ष आपल्या जुन्या सहकाऱ्यांकडे शब्द टाकायचा नाही, एवढीच अट आहे. संघटनेचा प्रमुख होऊन रणनीती ठरवायला, भाषणं द्यायला, माणसं नेमायला ती अट आड येत नाही. आपल्याकडे म्हणतात, कुंपणच शेत खातं. इथे कुंपणाने शेत खाल्लं नाही. ते फक्त जागचं उठलं आणि शेजारच्या शेतात जाऊन उभं राहिलं.

उद्योगाचा वकील

नव्या खुर्चीत टोझॅन यांनी काम चोख केलं. औषध कंपन्यांची प्रतिमा तेव्हा फार डागाळलेली होती. ती सुधारण्यासाठी गरीब रुग्णांना कंपन्यांच्या मोफत औषध योजनांची माहिती देणारा मोठा उपक्रम त्यांनी २००५ मध्ये सुरू केला, त्याची बस राज्याराज्यांतून फिरली. टीव्हीवरच्या औषधांच्या जाहिरातींसाठी आचारसंहिता आणली. डॉक्टरांना कंपनीच्या नावाची पेनं, कप वाटण्याची पद्धत बंद करणारे नियम २००९ पासून लागू केले. या गोष्टी ऐच्छिक होत्या, तरी निरर्थक नव्हत्या.

पण खरी लढाई त्या एका कलमाची होती. २००६च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्ष जिंकला. जानेवारी २००७ मध्ये प्रतिनिधिगृहाने सरकारला भाव करण्याची मुभा देणारं विधेयक २५५ विरुद्ध १७० मतांनी मंजूर केलं. औषध उद्योगाने सर्व ताकद पणाला लावली. एप्रिलमध्ये सिनेटमध्ये ते अडलं. बाजूने ५५ मतं होती, पण चर्चा थांबवून मतदान घ्यायला ६० लागतात. बहुमत असूनही कायदा होऊ शकला नाही. पाचर जागची हलली नाही.

२००८ साली बराक ओबामांनी आपल्या प्रचारात चक्क या गृहस्थांवर एक टीव्ही जाहिरात केली. कायदा पुढे रेटणारा समितीचा अध्यक्षच औषध उद्योगात वीस लाखांच्या नोकरीला लागला, हाच तिचा विषय. हा खेळ आपण बदलणार, असं आश्वासन त्यात होतं. ओबामा निवडून आले. आरोग्य सुधारणेचा मोठा कायदा करायचा होता आणि त्यासाठी औषध उद्योग विरोधात जाणं परवडणारं नव्हतं. मग ज्यांच्या नावाने जाहिरात केली त्यांच्याशीच बोलणी झाली.

जून २००९ मध्ये समझोता जाहीर झाला. औषध कंपन्या दहा वर्षांत ८० अब्ज डॉलरची सवलत देतील. बदल्यात काय, हे तेव्हा स्पष्ट केलं गेलं नाही. ऑगस्टमध्ये टोझॅन यांनीच वृत्तपत्रांना सांगून टाकलं की, सरकारने किमतीच्या वाटाघाटींचा आग्रह सोडायचं कबूल केलं आहे. ओबामांच्या पक्षातले लोक संतापले. उद्योगाने मात्र सुधारणेच्या बाजूने जाहिरातींवर कोट्यवधी डॉलर खर्च केले. मार्च २०१० मध्ये कायदा झाला. त्यात वृद्धांना औषधांवर काही नव्या सवलती मिळाल्या, कोट्यवधी लोकांना विमा मिळाला आणि ते जुनं कलम जसंच्या तसं राहिलं.

या सौद्याकडे दोन्ही बाजूंनी पाहता येतं. ओबामांच्या समर्थकांना वाटलं की, एवढी किंमत मोजल्याशिवाय मोठा कायदा झालाच नसता. टीकाकारांना वाटलं की, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटाघाटीच्या टेबलावर बसण्याआधीच देऊन टाकली. गंमत अशी की, काही औषध कंपन्यांना उलट वाटत होतं की टोझॅन यांनी फार देऊन टाकलं. फेब्रुवारी २०१० मध्ये, कायदा अजून लटकलेला असताना, त्यांनी राजीनामा जाहीर केला आणि जूनअखेर ते पायउतार झाले. त्या वर्षीचा त्यांचा एकूण मोबदला सुमारे १ कोटी १६ लाख डॉलर होता, असं संघटनेच्या करविवरणातून पुढे आलं.

त्यानंतर ते स्वतःची सल्लागार फर्म चालवू लागले. वृद्ध रुग्णांना घरपोच शुश्रूषा देणाऱ्या लुईझियानातल्या एका मोठ्या कंपनीच्या संचालक मंडळावर ते होते. या कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा भाग मेडिकेअरमधून येत असे. आमदार, खासदार, समितीचा अध्यक्ष, उद्योगाचा प्रवक्ता, सल्लागार, संचालक. खुर्च्या बदलल्या, विषय तोच राहिला.

जानेवारी २००५ : मुंबई आणि वॉशिंग्टन

टोझॅन यांनी फार्माची सूत्रं हाती घेतली त्याच आठवड्यात भारतातही एक मोठी गोष्ट घडली. १ जानेवारी २००५ पासून भारताने औषधांवर उत्पादनाचं पेटंट देणं सुरू केलं. जागतिक व्यापार संघटनेत गेल्यावर दिलेल्या शब्दाची ती मुदत होती.

यामागचा इतिहास मराठी मुस्लिम वाचकाला जवळचा वाटेल. १९३५ साली मुंबईत ख्वाजा अब्दुल हमीद यांनी ‘सिप्ला’ची स्थापना केली. अलीगढचा जन्म, बर्लिनला रसायनशास्त्राची डॉक्टरेट, गांधीजींवर निष्ठा. फाळणीच्या वेळी त्यांनी इथेच राहणं पसंत केलं. १९३९ मध्ये गांधीजी त्यांच्या कारखान्यात आले होते. १९७०च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधाऐवजी फक्त ते बनवण्याच्या पद्धतीला पेटंट देण्याचं धोरण स्वीकारलं. परिणामी दुसऱ्या पद्धतीने तेच औषध बनवणं कायदेशीर झालं आणि मुंबई, हैदराबाद, अहमदाबादमध्ये स्वस्त औषधांचा उद्योग फोफावला.

फेब्रुवारी २००१ मध्ये ख्वाजासाहेबांचे पुत्र युसूफ हमीद यांनी एचआयव्हीवरच्या तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखवली. दिवसाला एक डॉलरहूनही कमी. तेव्हा हाच उपचार मोठ्या कंपन्यांकडून घेतला तर वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जात होता. आफ्रिकेत माणसं मरत होती, कारण औषध होतं पण भाव परवडत नव्हता. त्या एका आकड्याने जगाला दाखवलं की, औषध बनवायला लागणारा खर्च आणि औषधाची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२००५चं पेटंट विधेयक भारतीय संसदेत आलं तेव्हा डाव्या पक्षांच्या दबावाने त्यात कलम ३(ड) कडक झालं. जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट मिळणार नाही, त्याचा परिणाम खरोखर वाढला पाहिजे, असं ते कलम सांगतं. याच कलमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिव्हेकसाठी नोव्हार्टिसचा दावा फेटाळला. फार्मा संघटना मात्र भारताच्या पेटंट कायद्यावर अमेरिकन सरकारकडे सातत्याने तक्रारी करत आली आहे. म्हणजे एक कलम वॉशिंग्टनमध्ये भाव चढा ठेवत होतं आणि एक कलम दिल्लीत भाव उतरवत होतं.

इथे कुणी विचारेल, हमीद हेही उद्योगपतीच ना? सिप्लाला नफा झालाच ना? झाला. १९७०च्या कायद्यासाठी देशी उत्पादकांनी सरकारदरबारी खेटे घातले, त्यांची संघटना १९६१ पासून मुंबईत काम करत होती. ख्वाजासाहेब तर मुंबईच्या विधान परिषदेचे सदस्यही राहिले होते. म्हणून उद्योगाची बाजू मांडणं हेच पाप आहे, असं मी म्हणणार नाही. विणकर असो, साखर कारखानदार असो की औषध उत्पादक, प्रत्येकाला आपलं म्हणणं सरकारपुढे ठेवण्याचा हक्क आहे. फरक इतकाच की, हमीद औषधवाले आहेत हे सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. ते कुणाच्या बाजूने बोलतात, हे ओळखायला करविवरण शोधावं लागत नव्हतं. टोझॅन यांच्याबाबतीत २००३ साली मत देणाऱ्या माणसाला वाटत होतं की, समोरचा माणूस आपल्या बाजूने भाव करतोय.

आपल्याकडे काय?

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. विधेयकाची तीन वाचनं, समिती, राष्ट्रपतींची सही, हे टप्पे मुलांना तोंडपाठ असतात. पण एका कलमातलं एक वाक्य कोण सुचवतं, कोण घालतं आणि ते घालणारा पुढे कुठे जातो, हा धडा पुस्तकात नाही. तो असायला हवा.

अमेरिकेच्या व्यवस्थेत दोष आहेत, पण एक गुण आहे. तिथे सरकारदरबारी वकिली करणाऱ्यांना नोंदणी करावी लागते, कुणासाठी किती पैसा खर्च केला ते जाहीर करावं लागतं. टोझॅन यांची कहाणी आपण सांगू शकतो ती याच नोंदींमुळे. २०१२ साली वॉलमार्टने भारताच्या बाजारात शिरण्याच्या विषयावर अमेरिकेत केलेल्या खर्चाचा तपशील आपल्याला कळला, तोही अमेरिकन कागदपत्रांतून. त्यावरून आपल्या संसदेत गदारोळ झाला, चौकशी नेमली गेली. आपल्या कागदपत्रांतून तो कळला नसता, कारण इथे अशी नोंद ठेवणारा कायदाच नाही.

आयएएस अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभर खासगी कंपनीत जायचं तर सरकारची परवानगी लागते. मंत्री किंवा खासदार पायउतार झाला, तर त्याच्यावर असं कायद्याचं बंधन नाही. तो दुसऱ्या दिवशी, काल ज्या खात्याच्या फायली पाहत होता, त्याच धंद्याचा सल्लागार होऊ शकतो. टोझॅन यांच्या देशात एक वर्षाची अट अपुरी म्हणून ओरड झाली. २००७ साली सिनेटच्या सदस्यांसाठी ती दोन वर्षांची केली आणि नोकरीची बोलणी चालू असतील तर ती कळवण्याची सक्ती आली. प्रतिनिधिगृहासाठी एकच वर्ष राहिलं. आपल्याकडे अजून ओरडही नाही.

पाचर निघाली तेव्हा

१६ ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी सही केलेल्या कायद्याने मेडिकेअरला पहिल्यांदा भाव करण्याचा अधिकार दिला. तोही सरसकट नाही. सुरुवातीला फक्त दहा औषधं आणि नवे भाव १ जानेवारी २०२६ पासून लागू. फार्मा संघटना आणि अनेक कंपन्या न्यायालयात गेल्या. पहिल्या दहांत जानुव्हिया नावाची मधुमेहाची गोळी होती. महिन्याच्या औषधाची छापील किंमत ५२७ डॉलर होती, वाटाघाटीनंतर ठरली ११३ डॉलर. घासाघीस केली की भाव उतरतो, हे सिद्ध व्हायला जवळपास वीस वर्षं गेली.

जानुव्हियातला घटक म्हणजे सिटाग्लिप्टिन. भारतात त्याचं पेटंट २०२२च्या जुलैमध्ये संपलं आणि थोड्याच दिवसांत जनऔषधी दुकानांत ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना मिळू लागल्या. आपल्या मोहल्ल्यातल्या कितीतरी घरांत ही गोळी रोज घेतली जाते. ती घेणाऱ्या माणसाने ना टोझॅन हे नाव ऐकलंय, ना कलम ३(ड). पण महिनाअखेरीस औषधाचं बिल भरताना खिशात किती उरतं, हे या दोन गोष्टींशी बांधलेलं आहे.

बिली टोझॅन वाईट माणूस होते, असं ठरवून मोकळं होणं सोपं आहे. तसं केलं तर प्रश्न एका माणसापुरता संपतो. ते हुशार होते, मेहनती होते, त्यांनी ग्राहकांच्या भल्याचेही कायदे केले आणि जे केलं ते सगळं कायद्याच्या चौकटीत बसणारं होतं. म्हणूनच त्यांची कारकीर्द अभ्यासण्यासारखी आहे. लोकप्रतिनिधीला मत देताना तो निवडून आल्यावर काय करेल, हे आपण विचारतो. पद गेल्यावर तो कुणाकडे कामाला जाईल, हेही विचारायला शिकलं पाहिजे. अनेकदा पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात दडलेलं असतं.